अल्मोड्याला भात शिजत नव्हता

आमच्या सानगडीला एक टेकडी आहे. तिच्यावर जुन्या किल्ल्याचे दगड आहेत आणि तिला आम्ही जन्मभर डोंगर म्हणत आलो. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी अल्मोड्याच्या एका गच्चीवर, अंगात दोन स्वेटर आणि वरून बायकोची शाल घेऊन उभा होतो, तेव्हा समोर जे दिसलं ते पाहून मला त्या टेकडीबद्दल थोडं वाईटच वाटलं. खाली दरीत धुकं साचलेलं, त्यावर निळ्या डोंगरांच्या रांगा, आणि सगळ्यांच्या मागे, जिथे आपण आभाळ शोधतो तिथे, बर्फाची शिखरं. ऊन पडलं तशी ती एकेक करून उजळली. आमची करुणा बोट दाखवून सांगत होती, ते त्रिशूल, ती नंदादेवी. माझ्या दातांचा आवाज इतका येत होता की मला निम्मी नावं ऐकू आली नाहीत.

पण आम्ही हिमालय पाहायला गेलो नव्हतो. ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की साकोली पंचायत समितीतला निवृत्त कारकून पेन्शन घेऊन मजा मारत फिरतोय.

करुणा आमची एकुलती एक. एप्रिलपासून अल्मोड्याला केंद्र सरकारच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका. कायम नोकरी. हा ‘कायम’ शब्द आमच्या घरात फार मोठा आहे. माझे आजोबा दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांमध्ये राबले, छप्पन साली पायी जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी माझ्या बापाचं नाव शाळेत घातलं. बाप पुढे चपराशी झाला, मी कारकून झालो, आणि आता ही पोरगी थेट केंद्र सरकारची. नोकरी लागली त्या दिवशी मी अख्ख्या मोहल्ल्याला पेढे वाटले होते. ऑक्टोबरात तिचा फोन आला. “बाबा, मी राजीनामा देऊन राहिली.” मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. मग मी फोन ठेवला आणि महिनाभर तिच्याशी बोललो नाही. आईशी ती बोलायची, मी शेजारच्या खोलीत कान लावून बसायचो.

शेवटी शालूनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, मला गाडीत बसवलं. धान चुरायचा, म्हणजे मळायचा, बाकी होता, रिझर्वेशन मिळालं ते असं की शनिवारी रात्री पोचायचं आणि सोमवारी सकाळी निघायचं. हातात एक रविवार. आणि तिच्या मुख्याध्यापक मॅडमनी सांगून ठेवलं होतं की सोमवारी काय ते पक्कं कळव. म्हणजे हा रविवार पोरीच्या नोकरीचा शेवटचा रविवार ठरू शकत होता. नागपूर ते काठगोदाम आणि पुढे जीपमधून त्या वळणांचा रस्ता, यातलं काही सांगत नाही. शालूला किती वेळा उलटी झाली हे सांगून कोणाचं भलं होणार?

गच्चीवरून खाली येताना शालूनं माझी बाही ओढली.

“सांगून ठेवते तुमाले. एक दिवस हाये. पोरीले फिरू द्या. नोकरीचा ‘न’ काढायचा नाही.”

मी मान हलवली. माझी मान फार लवकर हलते.

आमांचं घर

करुणाची खोली वरच्या मजल्यावर आणि घरमालकीण खाली. सगळा मोहल्ला तिला ‘आमा’ म्हणतो, म्हणजे आजी. वय सत्तरच्या पुढे, पाठीत वाकलेली, आणि तरीही जिना चढताना मला मागे टाकणारी. अल्मोड्यात सपाट जमीन नाहीच. एका घराची गच्ची म्हणजे मागच्या घराचं अंगण. आमच्याकडे बांधी म्हणजे थाळीसारखी, पाणी इकडून तिकडे समान उभं राहतं. इथे शेतं पाहिली तर जिन्यासारखी, एकेक पायरीवर एकेक वाफा. मी आमांना विचारलं, इथे बैल वळतो कसा? त्या म्हणाल्या, “बैल छोटा होता है बाबूजी, और समझदार भी.”

करुणाच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो पाहिला आणि माझ्या मनात जे यायचं ते आलं. हळूच विचारलं, “खोली देताना आडनाव-बिडनाव विचारलं का इनं?”

“विचारलं ना. मी म्हटलं, बौद्ध आहे.”

“मंग?”

“म्हणाल्या, चप्पल बाहेर काढत जा.”

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. तेवढ्यात आमा चहा घेऊन आल्या. चहा गुळासोबत. घोट चहाचा, तुकडा गुळाचा. शालूनं सगळा गूळ एकदम चहात टाकला आणि चमच्यानं ढवळला. आमांनी पाहिलं आणि दुसरा तुकडा आणून दिला.

लाला बाजार

अल्मोड्याचा जुना बाजार डोंगराच्या पाठीवर लांबच लांब पसरलेला आहे. खाली दगडी फरशी, गाड्यांना बंदी, दोन्ही बाजूंना नक्षीच्या लाकडी चौकटींची जुनी दुकानं. आमच्या साकोलीच्या बाजारात मोटारसायकलच्या हँडलपासून पोट वाचवत चालायची सवय, त्यामुळे मी अर्धा वेळ उगाच मागे वळून पाहत होतो.

एका गल्लीत तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज येत होता. शालू तिथेच थांबली. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. तिच्या माहेरी भांड्याची पारख पोरींना लहानपणीच येते. तिनं एक तांब्याची घागर उचलली, बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी वाजवली, कानाशी धरली. कारागीर हातातला हातोडा थांबवून पाहत राहिला.

“जोड कुठे है, बताऊँ?” शालूनं विचारलं आणि बरोबर जागेवर बोट ठेवलं.

कारागीर खूश झाला. घागर मात्र तिनं घेतली नाही. म्हणे, एवढं ओझं त्या वळणांनी कोण नेईल.

पुढे मिठाईचं दुकान. तिथली बाल मिठाई प्रसिद्ध. चॉकलेटी रंगाचा खव्याचा तुकडा आणि त्याला वरून पांढरे दाणे चिकटवलेले. मी म्हटलं, साबुदाणा लावला वाटते. दुकानदारानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी घाईनं पाव किलो जास्त घेतली. खसखशीवर साखर चढवून ते दाणे करतात म्हणे. दुसरी मिठाई पानाच्या शंकूत गुंडाळलेली. ती खाताना पानाचा वास येतो, तो मला अजून आठवतो.

दुकानासमोर एक बाई आपल्या लेकीला घेऊन चालली होती. लेक हात सोडवून धावत आली आणि करुणाच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, “मैडम जी, कल आप आओगी ना?” करुणानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिला परत आईकडे वळवलं.

मला राहवलं नाही. “पाहा,” मी म्हटलं, “केवढा मान हाये! आमाले बत्तीस वर्षांत कोणी अशी मिठी मारली नाही.”

“पंचायत समितीत कोण मिठी मारन तुमाले,” शालू म्हणाली आणि कोपरानं मला ढोसलं. करुणा पुढे निघून गेली होती.

चितईच्या घंटा

गावापासून थोडं दूर चितईचं देऊळ. देव गोलू, न्यायाचा देव. आम्ही बौद्ध, देवळात हात जोडत नाही, पण करुणा म्हणाली, “बाबा, तुम्हाला दाखवण्यासारखी एकच जागा आहे इथं.” आणि खरंच. देवळाभोवती हजारो घंटा टांगलेल्या, बोटाएवढ्या आणि माणसाएवढ्याही, आणि त्यांच्या मधे मधे अर्ज. कागदावर लिहिलेले, कोर्टाच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेले. लोक देवाला रीतसर अर्ज करतात. जन्मभर मी अर्जांनाच आवक नंबर दिले. मला तिथून हलवेना. विषय, संदर्भ, महोदय, सगळं व्यवस्थित. जमिनीचं भांडण. रुसून गेलेली सून. दहावीचा निकाल. एकानं बदली मागितली होती, आणि कुठे पाहिजे त्या गावांची नावं पसंतीच्या क्रमानं दिली होती.

मग एक अर्ज दिसला. कोणा पोराचा होता. चौथ्यांदा परीक्षा देतोय, यंदा वय संपतं, शिक्षकाची नोकरी लागू दे.

मान हलवून दिलेला शब्द मी तिथे मोडला. मोठ्यानं वाचून दाखवला अर्ज, आणि वरून म्हटलं, “लोक देवाले अर्ज करतात नोकरीसाठी. आन आपल्या घरी लागलेली नोकरी फेकून राहिले.”

घंटांचा आवाज चालूच होता. शालूनं माझ्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन करत नाही. पोरगी वळली आणि उताराच्या पायवाटेनं चालू लागली. मी मागे धावलो, “अगं ऐक तं,” म्हणत, आणि चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांच्या वाळक्या सुयांवर पाय पडला. त्या सुया म्हणजे तेल ओतलेली फरशी. मी बसलो तो बसल्याबसल्या आठ-दहा हात खाली गेलो आणि एका खोडाशी अडकलो.

करुणानं येऊन मला उठवलं. कोट झाडला. तिची पकड घट्ट होती, पण मनगट माझ्या बोटांत आलं तेव्हा लक्षात आलं की ते अगदी बारीक झालंय.

“इथं सांभाळून चालावं लागते, बाबा. मी दोनदा पडली इथं. एकदा हात सुजला होता.”

“फोनवर नाही सांगितलं?”

“काय सांगू?”

ती पुढे चालू लागली. मी एकेक पाऊल मोजत तिच्या मागे गेलो.

भात

जेवायला खोलीवर परत आलो. शालूनं घरून दहा किलो जुना तांदूळ आणला होता, वरून लाखोरीची डाळ आणि ठेचा. तिनं पदर खोचला.

“आज माया हातचा भात खा. पाहा कशी सुकली पोरगी.”

आम्ही धानाच्या मुलखातले. आमच्याकडे भात म्हणजे गंजात, म्हणजे पातेल्यात, मोकळं पाणी ठेवून, उकळी आली की तांदूळ सोडून, शिजला की पेज पसावून काढलेला. कुकरचा भात शालूच्या लेखी आजाऱ्याचं जेवण. करुणाच्या खोलीतही कुकर नव्हता. आईनं संसार बांधून दिला तेव्हा गंज दिला होता, झाकण दिलं होतं, कुकर दिला नव्हता.

पाण्याला उकळी आली. तांदूळ पडला. आम्ही गप्पा मारत बसलो. बऱ्याच वेळानं शालूनं एक शीत काढून चिमटीत दाबलं. पुन्हा झाकण. पुन्हा एक शीत. पाणी दणादण उकळत होतं. अजून पाणी घातलं. शेवटी पेज दाट झाली, दाणे वरून फुटले, तेव्हा तिनं गंज पसावला. मग मूठभर भात ताटात घेतला, खाल्ला, आणि तशीच बसून राहिली.

“कणी राहिली आत,” ती म्हणाली. “मायाच्यानं कणी राहिली!”

तीस वर्षांच्या संसारात मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मी काही विनोद करणार होतो, पण तेवढ्यात करुणाकडे नजर गेली. ती डोळे मोठे करून त्या गंजाकडे पाहत होती.

“आई, तुझाही असाच झाला?”

“असाच म्हणजे?”

“माझा रोज असाच होते. एप्रिलपासून.” आणि ती रडायला लागली. हुंदके देत, लहान असताना रडायची तशी. “मले वाटलं मायाच हात बिघडला. इकडं आली आन साधा भात जमेना. रोज शाळेतून यायचं, रोज गंज ठेवायचा, रोज कणी. कधी कधी तर तसाच फेकून देई आन बिस्किटं खाऊन निजे. मले वाटे, ज्याले भात येत नाही त्याचं इथं काय होणार?”

“आठ महिने कच्चा भात खाल्ला तू? आन मले नाही सांगितलं?”

“काय सांगू, आई? बाबा म्हणाले असते, भात जमत नाही म्हणून कायम नोकरी सोडते.”

मी खरोखर तेच म्हणालो असतो. अगदी याच शब्दांत.

रडण्याचा आवाज ऐकून आमा वर आल्या. सगळा प्रकार कळला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे बेटी! पहाड़ में पानी जल्दी उबल जाता है, पर उसमें दम नहीं होता। यहाँ बिना कुकर के कौन पकाता है? एक बार पूछ तो लेती!”

मग मला शाळेत शिकलेलं आठवलं, उंचावर हवा विरळ, पाणी कमी उष्णतेतच उकळतं. आमच्या घरी दोन शिक्षित माणसं, त्यातली एक पोरांना विज्ञान शिकवते, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ते भाताशी जुळलं नाही. भात ही आम्हाला शिकायची गोष्ट वाटलीच नव्हती कधी.

आमा खालून कुकर घेऊन आल्या. कणीचा भात त्यात टाकला, थोडं पाणी शिंपडलं, एक शिट्टी. झाकण उघडलं तर भात शिजलेला. शालूनं एक शीत दाबलं, दुसरं दाबलं आणि पराभव मान्य केल्यासारखी मान हलवली. पण ती हार मानणारी नाही. बाजूला ठेवलेल्या पेजेत मीठ घालून तिनं वाटी आमांपुढे धरली.

“यह तो हम गाय को पिलाते हैं,” आमा म्हणाल्या.

शालूचा चेहरा पडला. आमांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी वाटी तोंडाला लावली. अर्धी प्यायल्या, थांबल्या, उरलेली प्यायल्या, आणि वाटी पुढे केली.

“थोड़ा और दो. गाय को बाद में देख लेंगे.”

करुणा हसली. डोळे ओले, नाक लाल, पण हसली. आमांनी काळ्या भटाची, म्हणजे तिकडच्या काळ्या सोयाबीनची, आमटी आणली, आमची लाखोरीची डाळ होती, आणि पोरगी तीनदा भात घेऊन जेवली. मी मोजलं नाही म्हणेन, पण मोजलं.

उतरतं ऊन

संध्याकाळी गावाच्या टोकाला गेलो. सूर्य मावळताना पाहायची ती जागा आहे. कठड्याला लागून बाक, खाली दरी. थंडी परत अंगात शिरू लागली होती. शालू आणि करुणा एका शालीत बसल्या होत्या, मी बाजूला.

सकाळपासून माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. पेन्शन, महागाई भत्ता, बदलीचा नियम, तीन वर्षं काढली की महाराष्ट्र मागता येतो. सगळं मुद्देसूद. पण ते बारीक मनगट माझ्या बोटांतून जाईना. या पोरीनं आठ महिने कच्चा भात गिळला आणि तिला सांगायला जागा नव्हती, हे काही कोणत्या नियमात बसत नव्हतं. मला स्वतःचा राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

“करुणा,” मी म्हटलं, “नाही जमत तं ये. घरी ये. मी काही म्हणणार नाही. मोहल्ल्याले मी पाहून घेईन.”

शालूनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, साकोलीच्या स्टँडवर मी बसमध्ये चढली तेव्हा तुम्ही काय म्हणाले होते?”

आठवत होतं. आमच्या मोहल्ल्यात लेकरू शिकायला किंवा नोकरीला निघालं की म्हातारी माणसं म्हणतात, ‘आता मागं पाहू नको.’ आजोबांनी ते माझ्या बापाला म्हटलं, बापानं मला. दुसऱ्याच्या बांधीत परत राबायला येऊ नको, असा तो आशीर्वाद. आमच्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं. तिलाही मी तेच म्हटलं होतं.

“मले वाटलं, आता घर बंद झालं,” ती म्हणाली. “काहीही झालं तरी परत यायचं नाही. राजीनामा देऊन कुठं जाणार होती तेही ठरवलं नव्हतं मी. सानगडी तर नाहीच. नागपूरले मैत्रिणीच्या खोलीवर, असं काहीतरी.”

माझा चष्मा धुरकट झाला. थंडीनं होतं तसं, असं मी त्या दोघींना सांगितलं.

“तसं नव्हतं व, बाई,” मी म्हटलं. “घर कधी बंद होते का? तुया खोलीत तं तुयी आई धानाचं पोतंसुद्धा ठेवू देत नाही.”

तिनं मान खाली घातली आणि शाल नीट केली. शिखरं आता केशरी झाली होती, मग गुलाबी, आणि लोक मोबाइल वर करून उभे होते. आम्हाला कोणालाच फोटो काढायचं सुचलं नाही.

“आई,” थोड्या वेळानं करुणा म्हणाली, “जानेवारीत इथं शाळेले थंडीच्या सुट्ट्या लागतात. तेवढे दिवस घरी येऊ का?”

“ये ना,” शालू म्हणाली, आणि मग सावध होऊन तिनं लेकीकडे पाहिलं. “पण काय व, सुट्ट्या तं नोकरीवाल्यालेच राहतात.”

“तेच तं सांगून राहिली मी, आई,” करुणा म्हणाली.